ध्यानानं बीपीची गोळी सुटते का?

तुमचा प्रश्न इतरांच्याही कामाचा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते. वय ५४, बँकेत नोकरी, राहायला सिंहगड रोडला. दोन वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू आहे, तरी घरच्या मशीनवर १४६/९२ च्या आसपास येतं. रात्री तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. नणंद म्हणते, "वहिनी, रोज ध्यानाला बसा, माझी गोळी सुटली." मिस्टर रोज सकाळी 'ध्यानाने मेंदू वाढतो'चे व्हिडिओ पाठवतात. महिनाभर दहा-दहा मिनिटं बसून बघितलंत, पण मन लागत नाही आणि मांडी घालून गुडघे धरतात. तर ध्यानाचे खरे फायदे काय, ते कधी दिसतात, गोळी सुटेल का, आणि खुर्चीत बसून केलं तर चालतं का?

मी कोथरूडला २७ वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते आणि त्यातली १९ वर्षं स्वतः रोज ध्यानाला बसते. म्हणजे तपासायच्या खुर्चीतून आणि आसनावरून, दोन्हीकडून हा विषय बघितला आहे.

आधी गोळीचं उरकते. बाकीचं वाचायचं राहिलं तरी चालेल, हे राहायला नको. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. १४६/९२ हा तुमचा गोळी चालू असतानाचा आकडा आहे. घरी मोजलेलं बीपी १३५/८५ च्या खाली असावं असं आम्ही धरतो. म्हणजे आहे ती गोळीच पुरी पडत नाहीये, आणि घरात चर्चा चाललीय ती सोडायची. आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा.

नणंदेची गोळी सुटली हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. सुटते काहींची. पण तिला एकदा निवांत विचारा, त्या वर्षात आणखी काय काय बदललं? वजन किती उतरलं? पापड-लोणचं कमी झालं का? मिश्री लावायची सवय होती ती गेली का? सकाळी चालायला लागली का? माणूस ध्यानाला बसायला लागला की पहाटे उठतो, रात्रीचं जेवण आवरतं घेतो, बरोबरीनं टेकडीवर जायला लागतो. चार गोष्टी एकदम बदलतात आणि श्रेय एकट्या ध्यानाला मिळतं. बाकीच्या तीन बिचाऱ्या बोलत नाहीत.

उलटं झालेलंही मी बघितलं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी माझे एक पेशंट, निवृत्त शिक्षक, एका शिबिराला जाऊन आले. कुठल्या ते सांगत नाही. तिथे कोणीतरी त्यांना सांगितलं की औषध म्हणजे शरीरात साठणारं विष, आता तुम्हाला त्याची गरज नाही. सरांनी दोन्ही गोळ्या एका दिवसात थांबवल्या. मला सांगायची त्यांना गरज वाटली नाही, कारण बरं वाटत होतं. बीपी वाढलेलं कळत नाही, बरंच वाटतं, हीच तर त्याची खोड. पाचव्या आठवड्यात सकाळी चहा घेताना चहा ओठाच्या कडेनं सांडायला लागला. त्यांच्या पत्नीला वाटलं, गरम लागला असेल. तो पक्षाघाताचा झटका होता. हात नंतर सुधारला, बोलणं पूर्ण आलं नाही. सर अजूनही रोज ध्यानाला बसतात, आणि उठून गोळी घेतात.

मग ध्यानानं बीपी उतरतं की नाही? थोडं उतरतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष सावध होता: फायदा होण्याची शक्यता आहे, नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून करायला हरकत नाही, पण पुरावा अजून पक्का नाही. माझ्या पेशंटमध्ये जे खरोखर रोज बसतात त्यांच्यातल्या काहींचा वरचा आकडा चार-पाचनं खाली येतो, काहींचा तसूभर हलत नाही. चार-पाच म्हणजे काहीच नाही असं समजू नका, पण १४६ वरून तो तुम्हाला १३५ च्या आत नेईल असंही नाही. रोजचं भरभर चालणं आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चमचा, यांनी जास्त पल्ला गाठला जातो. त्या चमच्यात पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी आणि रविवारची मिसळ सगळं धरायचं बरं का.

बीपी मोजण्याबद्दल जरा लांबण लावते, कारण सगळी गफलत तिथेच होते. माझ्याकडे एक गृहस्थ मोठ्या हौसेनं वही घेऊन आले. निळ्या शाईत 'ध्यानापूर्वी', लाल शाईत 'ध्यानानंतर'. निळ्यात १५२, १४८, १५५. लाल रांगेत १३४, १३२, १३६. प्रत्येक पानाखाली बेरीज-वजाबाकी. मी म्हटलं, उद्या ध्यान करू नका. त्याच खुर्चीत वीस मिनिटं पेपर वाचा आणि मग मोजा. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "डॉक्टर, १३५." क्षणभर दोघंही गप्प. मग त्यांनाच हसू आलं. म्हणाले, "म्हणजे अग्रलेख वाचूनही उतरतं!"

उतरतंच. जिना चढून आलेला, चहा घेतलेला, कोणाशी तरी वाद घालून आलेला माणूस वीस मिनिटं गप्प बसला की कोणाचंही बीपी खाली येतं. त्यामुळे ध्यान संपल्या संपल्या मोजलेला आकडा वहीत लिहूच नका. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, गोळीच्या आधी, ध्यानाच्याही आधी मोजा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकलेले नकोत, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं तसंच बसायचं, बोलायचं नाही, मग एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. संध्याकाळी पुन्हा तसंच. आठवडाभराची सरासरी काढा. दोन महिन्यांनी परत एक आठवडा मोजा. ती सरासरी उतरली तर खरं उतरलं.

आता ध्यानाच्या वेळी शरीरात होतं काय, ते वाचण्यापेक्षा करूनच बघा. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी लागली की मनात चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा. ओढून-ताणून नको. पाच-सहा श्वास झाले की जाणवेल, श्वास घेताना ठोके जरा दाटीनं पडतात आणि सोडताना विरळ होतात. मेंदूतून निघून मानेवाटे छातीत-पोटात उतरणारी व्हेगस नावाची नस हृदयाचा लगाम धरून असते. श्वास सोडताना तो लगाम खेचला जातो, घेताना सैल पडतो. तरुणांना हा फरक स्पष्ट लागतो, वय वाढेल तसा पुसट होतो, आणि जुना मधुमेह असेल तर कदाचित लागणारच नाही. तुम्हाला नीट लागला नाही तर घाबरून मला फोन करू नका.

चार आणि सहा मिळून दहा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण बारा ते वीस घेतो. २००१ साली इटलीत एक छोटा पण मला फार आवडणारा अभ्यास झाला. २३ जणांना एकदा कॅथलिक जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हूं'. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या घरात आला, आणि बीपी वर-खाली झालं की ते जागेवर आणणारी शरीराची जी आपली व्यवस्था आहे तिचं काम सुधारलेलं दिसलं. कोणी कुठल्या देवाचं नाव घेतलं याचा तिथे संबंध आला नाही. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात, तिथे कधी बसला असाल तर एका लयीत सगळ्यांचा श्वास कसा एकदम घेतला जातो ते तुम्हाला माहीत असेल. आणि तेच आपण घरी, एक डोळा कुकरवर ठेवून दीड मिनिटात उरकतो. पुण्य मिळत असेल, श्वास मात्र तुटका होतो.

ही मोजमापं परदेशातून आली असं समजायचं कारण नाही. स्वामी कुवलयानंदांनी आपल्या लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं ते १९२४ साली, आणि योगाच्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायचं काम तेव्हापासूनचं. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाला वाटलं की अनुभव सांगून भागणार नाही, मोजलं पाहिजे. आज व्हिडिओ पाठवणाऱ्यांना ते वाटत नाही.

श्वास हा एक भाग झाला. दुसरा भाग मनाचा, आणि माझ्या मते ध्यानाचा मुख्य फायदा तिथे आहे. समजा, सकाळी दहाला मॅनेजर सगळ्यांसमोर तुम्हाला काहीतरी टोचून बोलला. छातीत धडधडलं, कान गरम झाले. ते होणारच. पण तो एकदाच बोलला. तुम्ही ते डबा खाताना परत ऐकलंत, संध्याकाळी बसमध्ये राजाराम पुलावर अडकल्यावर परत ऐकलंत, भाजी निवडताना त्याला द्यायचं उत्तर तयार केलंत, आणि रात्री तीनला ते उत्तर आणखी धारदार केलंत. प्रत्येक वेळी शरीरानं खरं भांडण समजून ॲड्रेनलिन सोडलं, ठोके वाढवले, बीपी चढवलं. मॅनेजर तिकडे घरी घोरत होता.

ध्यानानं मॅनेजर सुधारत नाही. धडधडही बंद होत नाही, निदान माझी तरी झालेली नाही. कमी होतो तो सावरायला लागणारा वेळ. १९ वर्षांत मला स्वतःत दिसलेला खात्रीचा बदल एवढाच आहे. पूर्वी क्लिनिकमध्ये चुकीची फाइल आत आली की मी कंपाउंडरवर उखडायचे आणि तो राग चौथ्या पेशंटपर्यंत माझ्या आवाजात राहायचा. त्या पेशंटनी काय घोडं मारलं होतं? पहिले चार महिने ध्यानाला बसून मला पाठ दुखते यापलीकडे काही कळलं नाही. वर्ष-सव्वा वर्षानं एकदा तो कंपाउंडरच म्हणाला, "मॅडम, हल्ली तुम्ही चिडता तेवढंच, पण लवकर विसरता." माझ्या लक्षात आलं नव्हतं. ध्यानाचा फायदा बसल्या जागी शोधला तर सापडत नाही, घरातल्यांना आधी दिसतो.

अभ्यासही साधारण याच दिशेनं बोलतात. २०१४ साली एक मोठा आढावा निघाला, ४७ चाचण्या, साडेतीन हजारांच्या वर माणसं. चिंता, उदासी आणि दुखणं यांत लहान ते मध्यम पण खरा फायदा दिसला. त्याच आढाव्यात हेही होतं की व्यायाम किंवा औषधं अशा दुसऱ्या उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचं दिसलं नाही. पहिलं वाक्य सगळे पुढे पाठवतात, दुसरं कोणी पाठवत नाही. २०२२ च्या एका अभ्यासात चिंतेचा आजार असलेल्या २७६ जणांपैकी निम्म्यांना एस्सिटालोप्राम ही नेहमीची गोळी दिली आणि निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानाचा वर्ग. शेवटी दोन्ही गटांना जवळपास सारखाच फरक पडला.

पण हा वर्ग म्हणजे काय होतं ते नीट बघा. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली बेतलेला तो अभ्यासक्रम आहे: आठवड्यातून एकदा अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस, आणि घरी रोज ४५ मिनिटं. मोबाइलच्या ॲपवर सात मिनिटं बसायचं, त्यातली दोन मिनिटं आवाज कमी-जास्त करण्यात घालवायची, आणि त्या अभ्यासातला फायदा मागायचा, हे काही जमणारं गणित नाही. दहा मिनिटांनी काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. सुरुवात दहानंच करायची. पण महिनाभर दहा मिनिटं करून 'फरक पडला नाही' हा निकाल फार लवकर दिलात.

जुन्या कंबरदुखीतही उपयोग होतो. २०१६ च्या ३४२ जणांच्या अभ्यासात हाच अभ्यासक्रम केलेल्यांची रोजची हालचाल नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारली. दुखणं उरतंच, पण दुखण्याभोवतीचं भय कमी होतं आणि माणूस हलायला लागतो. वारंवार डिप्रेशन येणाऱ्यांमध्ये, बरं झाल्यावर ते परत येऊ नये म्हणून ध्यानावर आधारलेला एक खास उपचार आहे. ४२४ जणांवरच्या अभ्यासात दोन वर्षांत तो घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना आजार उलटला, म्हणजे फरक नाहीच म्हणा. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या हळूहळू कमी करत. आणि ऐन डिप्रेशनमध्ये असलेल्या माणसाला 'जरा ध्यान कर, बरं वाटेल' म्हणणं म्हणजे ताप १०३ असताना सूर्यनमस्कार घालायला सांगण्यासारखं आहे.

ध्यानानं थायरॉईड, कॅन्सर, गुडघ्याची वाटी, केस गळणं बरं होतं का? हे तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत.

मिस्टरांच्या व्हिडिओंबद्दल. आठ आठवड्यांत मेंदूचा राखाडी भाग वाढला असं सांगणारा अभ्यास २०११ चा. त्यात ध्यान करणारे होते १६. पुढे २०२२ मध्ये, ध्यानावर आयुष्यभर काम केलेल्या रिचर्ड डेव्हिडसन यांच्याच गटानं २१८ जणांवर तोच आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तपासला आणि मेंदूच्या रचनेत काहीही बदल सापडला नाही. स्वतःच्या आवडत्या विषयाविरुद्ध निकाल लागला तरी त्यांनी तो छापला, याचं मला जास्त कौतुक वाटतं. मिस्टरांना सांगा, मेंदू आहे तेवढाच राहणार, आहे तो नीट वापरता आला तरी पुरे.

आता रात्री तीनची जाग. इथे मी ध्यानाला मुद्दाम रांगेत मागे उभं करते. आधी मला सांगा, तुम्ही घोरता का? स्वतःला कळत नाही, मिस्टरांना विचारा. श्वास मध्येच थांबून मग एकदम घुर्र करून सुरू होतो का तेही विचारा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर झोप मोडते आणि बीपी गोळीला दाद देत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी त्यात बसतात, म्हणून याची तपासणी करून घ्याच. दुसरं, वय ५४: रात्री घाम फुटून, अंग तापून जाग येते का? तो पाळी जाण्याच्या काळातला भाग असू शकतो. तिसरं, संध्याकाळी सहानंतरचा चहा. चौथं, पहाटेची जाग आणि त्यासोबत दोन-तीन आठवडे कशातच रस न वाटणं असेल तर ते डिप्रेशनचं लक्षण असू शकतं, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

यातलं काही नसेल तर ध्यान झोपेला मदत करतं. २०१५ साली लॉस एंजेलिसमध्ये सरासरी वय ६६ असलेल्या ४९ जणांवर अभ्यास झाला. सहा आठवडे ध्यान शिकलेल्यांची झोप, झोपेच्या चांगल्या सवयींचे धडे घेतलेल्यांपेक्षा जास्त सुधारली. मात्र तीनला जाग आल्यावर 'चला, आता ध्यान करून झोपू' म्हणून उठून बसू नका. झोपेचा पाठलाग केला की ती पळते. घड्याळ बघायचं नाही, मोबाइल हातात घ्यायचा नाही, उताणं पडल्या पडल्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करायची. अंगठा, टाच, पोटरी, गुडघा. प्रत्येक ठिकाणी दोन-चार श्वास लक्ष ठेवायचं, तिथे पांघरूण लागतंय, गार लागतंय, काय असेल ते. मांडीपर्यंत पोहोचायच्या आत झोप लागली तर उत्तम. लागली नाही तर डोक्यापर्यंत जाऊन परत खाली या. निदान तेवढा वेळ मॅनेजरला उत्तर तरी तयार होत नाही.

'मन लागत नाही.' ही तक्रार मी ऐकली नाही असा आठवडा जात नाही. २०१० साली हार्वर्डच्या दोघांनी सव्वादोन हजार माणसांना दिवसात अधूनमधून फोनवरून विचारलं, या क्षणी तुम्ही काय करताय आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. तुमचं मन बिघडलेलं नाही, चारचौघांसारखं आहे.

तुम्ही पुण्यातल्या, सायकल शिकला असालच. सायकल शिकताना बाबा मागून ओरडायचे, "हँडल सरळ धर!" आणि सरळ धरलं की धाडकन पडायचो. सायकल सरळ धरून चालतच नाही. तोल डावीकडे जातो, आपण सावरतो, उजवीकडे जातो, सावरतो. सरावलेल्याचाही तोल जातोच, तो सावरतो इतक्या पटकन की बघणाऱ्याला सरळ रेघ दिसते. ध्यान तसंच. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायला बसलात, तिसऱ्या श्वासाला मन गेलं गॅसच्या नंबरावर. कळलं की गेलं; न चिडता परत श्वासावर. पुन्हा गेलं, पुन्हा आणलं. दहा मिनिटांत पन्नास वेळा गेलं आणि पन्नास वेळा परत आणलंत तर पन्नास वेळा सावरलात. तुम्ही महिनाभर हेच करत होतात आणि नापास झाले असं समजत होतात.

आवाजांचंही तेच. पुण्यात शांत जागा शोधत बसाल तर तळजाईवर पहाटे पाचलाही कोणीतरी मोबाइलवर भावगीतं लावून चालत असतं. घरी कुकरची शिटी होणार, शेजारचा मिक्सर लागणार, कचरावाल्या ताई बेल वाजवणार. शिटी ऐकू आली की 'शिटी' एवढंच, आणि परत श्वास. दुसरी झाली की तिसरीची वाट बघायला लागता ना, ते पकडायचं.

वेळ कोणती? जी रोज मिळेल ती. जेवणानंतर लगेच नको, पेंग येते. सकाळी चहाच्या आधी १० मिनिटं, दोन आठवड्यांनी १५, महिन्यानं २०. शक्य झालं तर संध्याकाळी घरात शिरल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांचा घरातल्या शांततेला जो उपयोग होतो तो माझ्या कुठल्याच मशीनवर मोजता येत नाही. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका, तो काही ईएमआय नाही.

एक सावधगिरी, जी शिकवणारे क्वचित सांगतात. ध्यान सगळ्यांना सुखाचंच जातं असं नाही. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा साधारण ८ टक्के लोकांना त्रास झाल्याचं आढळलं. जास्त करून चिंता आणि उदासी वाढणं. कोणाला जुनी, दडपून ठेवलेली आठवण वर येते. बसल्यावर छाती दाटून आली, घाबरं झालं तर नेटानं बसून राहू नका. डोळे उघडा, उठा, पाय जमिनीवर टेकवून चार पावलं चाला. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवून, पाच मिनिटंच. तरीही होत राहिलं तर थांबवा आणि दाखवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. घरात कोणाला बायपोलर किंवा भास होण्याचा आजार असेल तर त्यांनी मोठ्या मौन शिबिराला जाण्याआधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारलंच पाहिजे. इगतपुरीला किंवा आळंदीजवळ मरकळला विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. पैसे घेत नाहीत, शिस्त कडक असते, अनेकांना त्याचा फार फायदा होतो. तरी माझा सल्ला, घरी सहा महिने नीट बसून मग जा. आणि तिथल्या अर्जात आजारांची माहिती विचारतात, ती खरी भरा, गोळ्या सोबत न्या आणि दहाही दिवस घ्या.

राहिली खुर्ची. खुशाल बसा. स्वयंपाकघरातली साधी, हात नसलेली, ताठ पाठीची खुर्ची सोफ्यापेक्षा बरी. पाय जमिनीला पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. कंबरेमागे छोटी उशी, हात मांडीवर, हनुवटी किंचित आत. गुडघ्यात कळ आली की श्वास बाजूला राहतो आणि सगळं ध्यान गुडघ्यावर लागतं, त्यात काही तपश्चर्या नाही.

वही करा, पण रंगीत शाईची नको. रोज रात्री एकच ओळ: आज शेवटचं कशावरून चिडले आणि ते किती वेळ टिकलं. अंदाजे चालेल, 'जेवणापर्यंत', 'बस येईपर्यंत' असंही चालेल. दोन महिन्यांनी ती वही आणि बीपीच्या दोन्ही सरासऱ्या घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे परत जा. जाताना गोळीची स्ट्रिप बरोबर न्या. 'ती छोटी पांढरी गोळी' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही, आमच्याकडच्या निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्याच असतात.